न वाजलेल्या शिट्टीचा राग

पत्र कोल्हापूरच्या राजारामपुरीतून आलं आहे. लिहिणारे गृहस्थ 46 वर्षांचे, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. 2004 साली डेट्रॉइट पिस्टन्सनी लेकर्सना 4-1 असं हरवून एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद घेतलं, तेव्हापासून हे डेट्रॉइटचे. आता नववीतला मुलगाही एप्रिल-मे महिन्यांत पहाटे साडेपाचला उठून त्यांच्याबरोबर प्लेऑफचे सामने बघतो. पंचांच्या निर्णयांनी दोघांचंही डोकं फिरतं. एका टोकाला धक्का दिला तर फाऊल, दुसऱ्या टोकाला तोच धक्का दिला तर खेळ चालू. सोमवारच्या सामन्यात चालतं ते बुधवारच्या सामन्यात चालत नाही. “पंच विकलेत, लीगला न्यूयॉर्कच पुढं पाहिजे” हे घरातलं नेहमीचं वाक्य झालं आहे. गेल्या महिन्यात मुलाच्या शाळेचा सामना होता. 41-41 अशी बरोबरी आणि शेवटचे काही सेकंद. मुलाच्या संघाचा बॉल रिंगवर फिरत असताना समोरच्या मुलानं तो हातानं उडवला. पंचांनी शिट्टी वाजवली नाही. मुलगा पंचांच्या अंगावर गेला आणि म्हणाला, “किती घेतले?” टेक्निकल फाऊल म्हणजे गैरवर्तनाचा फाऊल, समोरच्या संघाला एक फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचा एका गुणाचा शॉट, आणि सामना 41-42 असा गेला. आई म्हणते, टीव्ही बंद. वडील विचारतात, “बाई, पंच चुकत नाहीत असं खोटं पोराला कसं सांगू? की हा खेळ बघायचाच सोडून देऊ?”

---

आधी त्या रिंगवरच्या बॉलचं बघू. तुम्ही लिहिलंय की समोरच्या पोरानं फक्त बॉलला हात लावला, रिंगला किंवा बोर्डला नाही, आणि हात वरून आला होता. तसं असेल तर पंच बरोबर होते.

एनबीएत बॉल रिंगवर असताना किंवा रिंगच्या सरळ वर असताना त्याला हात लावला तर नियमभंग होतो. पण आपल्याकडचे शालेय सामने एनबीएच्या नियमांनी होत नाहीत. ते फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी होतात. फिबाच्या नियमात मारलेला बॉल एकदा रिंगला लागला की कुठल्याही खेळाडूला तो उडवता येतो. रिंग हलवली, जाळीतून खालून हात घातला, तर गोष्ट वेगळी. तुमच्या मुलानं पहाटे टीव्हीवर जो खेळ पाहिला त्याचा नियम त्यानं संध्याकाळी शाळेच्या मैदानावर लावला. फरक आणखीही आहेत. तिथं 12 मिनिटांची चार सत्रं, इथं 10 मिनिटांची. तिथं सहाव्या फाऊलला बाहेर, इथं पाचव्याला. तिथं बचाव करणाऱ्यानं कुणालाही न धरता बास्केटखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, इथं तसं बंधन नाही. हे सगळं तुमच्या मुलाला कुणी बसून सांगितलं नसावं, आणि त्यात त्याची चूक नाही.

हे मी पहिल्यांदा लिहिलं, कारण पत्रात तुम्ही “धडधडीत अन्याय” असा शब्द वापरला आहे. तुम्ही 20 वर्षं हा खेळ बघताय, पोटतिडकीनं बघताय, आणि तरी त्या क्षणी तुम्हालाही अन्यायच दिसला. तुमच्या बाजूला बसलेल्या प्रत्येक पालकाला दिसला असेल. राग खरा होता, पण खऱ्या रागाखालची माहिती बरोबर असतेच असं नाही. आणि 41-41 नंतरचा तो एक गुण पंचांनी दिलेला नव्हता, तो “किती घेतले” या दोन शब्दांनी गेला. हे मुलाला ऐकवायचं असेल तर हलक्या आवाजात ऐकवा. ते त्याला तुमच्याआधी कळलेलं आहे.

आता डेट्रॉइटचं. तिथं तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे, आणि पंच चुकत नाहीत असं पोराला अजिबात सांगू नका. 2025 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतला चौथा सामना. डेट्रॉइट 93-94 असं एका गुणानं मागे, शेवटचा सेकंद सरत असताना डेट्रॉइटचा टिम हार्डवे ज्युनियर कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट मारतो आणि न्यूयॉर्कचा जॉश हार्ट त्याच्या अंगावर जातो. शिट्टी नाही. सामना संपल्यावर त्याच सामन्याच्या मुख्य पंचांनी सांगितलं की फाऊल द्यायला हवा होता. तीन फ्री थ्रो मिळाले असते, जिंकायला दोन पुरले असते. तुम्ही त्या रविवारी रात्री झोपला नाहीत असं लिहिलंय. ज्या संघानं त्याच्या आदल्या हंगामात सलग 28 सामने गमावले होते, त्याच्या चाहत्याला ती रात्र काय वाटली असेल हे मी समजू शकते.

तुम्ही विचारलंय की रिप्ले सेंटर आहे, कोचला चॅलेंज आहे, मग हे का सुटलं? कारण चॅलेंज वाजलेल्या शिट्टीलाच करता येतं. पंचांनी दिलेला फाऊल चुकीचा असेल तर कोच हात वर करू शकतो. न दिलेल्या फाऊलसाठी त्याच्या हातात काही नाही. आणि पंचांच्या नजरेचा निर्णय चुकला म्हणून निकाल बदलत नाही. एनबीएनं सामन्याचा शेवट पुन्हा खेळायला लावला होता तो 2007 च्या डिसेंबरमधल्या मायामी-अटलांटा सामन्याचा. तिथं मायामीच्या शकील ओनीलचे फाऊल गुणलेखकांच्या टेबलवर चुकीचे मोजले गेले होते आणि त्याला सहावा झाला म्हणून बाहेर बसवलं होतं. ती मोजणीतली चूक, म्हणून 2008 च्या मार्चमध्ये शेवटची 51.9 सेकंदं पुन्हा खेळवली. नजरेच्या चुकीला अशी दाद नाही. हे मला बरोबर वाटत नाही, निदान शेवटच्या मिनिटात न वाजलेल्या शिट्टीलाही दाद मागता आली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पण तुमच्या घरातलं वाक्य हे नाही. तुमच्या घरातलं वाक्य आहे “विकलेत”.

आपल्या भाषेत तीन वेगवेगळे शब्द आहेत: चूक, धरसोड आणि लबाडी. तुम्ही तिन्हींना एकच नाव दिलंय. हार्डवेच्या शॉटवर झाली ती चूक. सोमवारी चाललं ते बुधवारी चाललं नाही, ही धरसोड. आणि लबाडीही या खेळात घडलेली आहे, ती मी नाकारत नाही. टिम डोनाघी नावाचा एनबीएचा पंच स्वतः शिट्टी वाजवत असलेल्या सामन्यांवर पैजा लावायचा. 2007 मध्ये प्रकरण उघड झालं आणि 2008 मध्ये त्याला 15 महिन्यांची कैद झाली. 2002 साली लेकर्स-सॅक्रामेंटो मालिकेच्या सहाव्या सामन्यात लेकर्सना एकट्या चौथ्या सत्रात 27 फ्री थ्रो मिळाले, त्यावर लोक अजून भांडतात, पण त्यात लबाडी झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. डोनाघी सापडला म्हणून बाकीचे सगळे चोर, हे दुकानदारानं तरी म्हणू नये. गल्ल्यावरचा एक पोरगा पैसे मारताना सापडला तर तुम्ही बाकीच्या नोकरांना चोर म्हणत नाही, तुम्ही हिशेब तपासता.

तर हिशेब तपासू. लीगला न्यूयॉर्क पुढं पाहिजे, असं तुम्ही म्हणता. 2024 मध्ये न्यूयॉर्कला प्लेऑफच्या निर्णायक सातव्या सामन्यात, त्यांच्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर, 130-109 असं कुणी हरवलं? इंडियानानं. 2025 मध्ये कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे उपांत्य फेरीत, पुन्हा कुणी हरवलं? पुन्हा इंडियानानं. आणि त्या वर्षीची अंतिम मालिका झाली ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना यांच्यात. दोन्ही संघ तुलनेनं लहान शहरांचे. कुणी खरंच वरून सूत्रं हलवत असेल तर त्याला त्याचं काम मुळीच जमत नाही.

धरसोडीवर मात्र मला थांबायचंय, कारण ती मी स्वतः केलेली आहे.

मी 24 वर्षं शाळेत खेळ शिकवला आणि जिल्ह्यात बऱ्याच सामन्यांना शिट्टीही वाजवली. मुलींचा एक अंतिम सामना होता. पहिल्या अर्ध्यात मी खेळ मोकळा सोडला. खांद्याला खांदा लागतोय, लागू दे, मुली छान खेळतायत. मध्यंतरानंतर दुसऱ्याच मिनिटाला एक मुलगी पाठीवर आपटली आणि काही क्षण उठलीच नाही. ती उठली, खेळलीही. पण मी घाबरले. आणखी कुणी पडायला नको म्हणून मी जरा हात लागला की शिट्टी वाजवायला लागले. समोरच्या संघात एक उंच मुलगी होती, तिचा सगळा खेळच अंगाला अंग लावून. तिनं मध्यंतराआधी जे केलं होतं तेच ती करत होती. तिला थोड्याच वेळात पाचवा फाऊल लागला आणि ती बाहेर बसली. संघ हरला.

सामना संपल्यावर तिची आई आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “बाई, मध्यंतरात तुमचा नियम बदलला का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणी पैसे दिले नव्हते, माझं त्या मुलीशी वाकडं नव्हतं, मी कुठल्या शाळेची बाजू घेतली नव्हती. मी घाबरले होते, इतकंच. त्या बाई मला “विकल्या गेलात” म्हणाल्या असत्या तर मला संताप आला असता, मी स्वतःला निर्दोष समजले असते आणि रात्री शांत झोपले असते. त्यांनी जे झालं तेवढंच विचारलं, म्हणून मला झोप लागली नाही. पुढच्या स्पर्धेपासून मी पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही संघांना दिसेल अशी रेघ आखायला लागले, इतकं चालेल, याच्यापुढं चालणार नाही, आणि मग कुणी पडलं तरी ती रेघ हलवायची नाही. मला ते नेहमी जमलं असं नाही.

टीव्हीवरचे पंच माझ्यापेक्षा कितीतरी तयार असतात. प्लेऑफसाठी हंगामातल्या कामगिरीवरून निवडतात, अंतिम मालिकेसाठी फक्त 12 जण उरतात. तरी प्रत्येक सामन्याला तिघे पंच असतात आणि मालिकेत ती तुकडी बदलत जाते. धक्का चढाई करणाऱ्याचा की बचाव करणाऱ्याचा, हे ठरवायला शॉटसाठी वर उसळायच्या आत बचावपटू आपल्या जागी पोचला होता का, हे बघावं लागतं. शिवाय तो बास्केटखालच्या चार फुटांच्या अर्धवर्तुळात होता की बाहेर, हेही. डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ मिळतो. आपण तेच घरी तीनदा सावकाश बघतो. 2018 च्या अंतिम मालिकेत पहिल्याच सामन्यात लेब्रॉन जेम्स आणि केविन ड्युरंट या दोन खेळाडूंच्या धक्क्याचा निर्णय शेवटच्या मिनिटात रिप्ले बघून उलटा केला, आणि त्यावरही एकमत झालं नाही. यंत्र आलं तरी नजर माणसाचीच राहते.

हे आपल्या गावाला नवीन नाही. खासबागेत चितपटीच्या कुस्तीला प्रश्न एकच, पाठ लागली का? तरी त्या एका प्रश्नावरही रण पेटतं. 2025 ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत नेमका हाच वाद झाला, पंचांना लाथ बसली आणि दोन पैलवानांवर 3-3 वर्षांची बंदी आली. त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं की नव्हतं, यावर तालमीतालमींत चर्चा झाली असती. लाथेनंतर ती चर्चाच संपली. शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल सामन्यात दगड आला की कुठला फाऊल खरा होता हे कुणी विचारत नाही, तसंच.

आणि आपल्याकडची एक गोष्ट तुमच्या मुलाला जरूर सांगा. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकलेले. 1952 ला हेलसिंकीत जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती झाल्या झाल्या त्यांना सोव्हिएत पैलवानापुढं उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण तो मांडायला आपल्या बाजूचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता, असं सांगतात. खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदक घेऊन आले. त्या दिवशी तिथं ओरडणारा माणूस काय कामाचा होता? हवा होता तो नियमाचं कलम माहीत असलेला आणि योग्य टेबलापाशी जाऊन ते बोलून दाखवणारा.

इंडियानानं 2024 ला तेच केलं. न्यूयॉर्कविरुद्धचे पहिले दोन सामने हरल्यावर त्यांनी त्या दोन सामन्यांतले 78 निर्णय, एक-एक, लीगकडे पाठवले. पहिल्या सामन्यात बॉल पायाला लागल्याचा चुकीचा दिलेला निर्णय तर पंचांनीही चुकीचा म्हणून कबूल केला होता. निकाल बदलले नाहीत. पण मालिका इंडियाना जिंकली. डेट्रॉइटचंही बघा: हार्डवेच्या त्या रात्रीनंतर पुढचाच सामना त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जाऊन 106-103 असा जिंकला. तुम्ही पत्रात चौथ्या सामन्यावर दीड पान लिहिलंय, पाचव्यावर एक ओळही नाही.

तर काय करायचं.

घरात एक नियम करा: शिट्टी वाजली किंवा वाजली नाही, की काय दिसलं ते बोलायचं, का केलं ते बोलायचं नाही. “हार्टचा हात त्याच्या कमरेला लागला” चालेल. “मुद्दाम सोडलं” चालणार नाही. हे तुम्हाला मुलापेक्षा जड जाईल. सुरुवातीला त्यालाच तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगा, त्याला आवडेल. एक वही ठेवा आणि वादाचे निर्णय दोन्ही संघांचे लिहा, आपल्याला फायदा झालेलेही. शेवटच्या दोन मिनिटांत अटीतटीचा झालेल्या सामन्याचा अहवाल एनबीए 2015 पासून दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध करते, त्यात प्रत्येक निर्णय बरोबर की चूक ते दिलेलं असतं. तुमची वही आणि तो अहवाल शेजारी ठेवून बापलेकांनी बघा. दहापैकी किती तुमचे बरोबर आले ते मला कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

मुलाच्या हातात शिट्टी द्या. गल्लीतल्या किंवा शाळेतल्या लहान मुलांचा सामना, 20 मिनिटं, तो एकटा पंच. तुम्ही बाहेर बसा आणि एक शब्द बोलू नका. फिबाचं नियमपुस्तक फुकट डाउनलोड होतं, त्यातलं रिंगवरच्या बॉलचं कलम आधी वाचायला लावा. त्याच पुस्तकात हेही आहे की बॉल थांबलेला आणि घड्याळ बंद असताना कर्णधार पंचांशी सभ्यपणे बोलू शकतो, आणि सामन्याच्या निकालावर हरकत असेल तर संपल्यावर 15 मिनिटांच्या आत कर्णधारानं मुख्य पंचांना सांगून गुणपत्रकावर ठरलेल्या जागी सही करायची असते. हरकतीची ही रीतसर वाट पुस्तकात असते हे शालेय संघांतल्या बहुतेक मुलांना कुणी सांगतच नाही, म्हणून ती तोंडानं हरकत घेतात.

टीव्ही बंद करावा का? तुमच्या पत्नीचं मी अर्धं मान्य करते. त्यांचा राग बास्केटबॉलवर आहे असं मला पत्रावरून वाटलं नाही, पहाटे साडेपाचच्या आरडाओरड्यावर आहे, आणि त्या घरात त्याही झोपतात. शाळेच्या दिवशी सामना मागाहून बघा, निकाल न कळू देता. सुट्टीत पहाटे बघा, आवाज हळू. पण पूर्ण बंद करू नका. 14-15 वर्षांचा मुलगा आपणहून बापाशेजारी येऊन बसतो, हे दिवस फार नसतात. एकच परीक्षा घ्या: दहा वाजता दुकानात पहिलं गिऱ्हाईक येतं तेव्हा सकाळच्या पंचावरचा राग तुमच्या बोलण्यात असतो का? असेल तर सगळे सामने नकोत, डेट्रॉइटचे तेवढे बघा. आयपीएलमध्ये अंपायरच्या निर्णयावरून जेवणाचं ताट सरकवणाऱ्या माझ्या इतर वाचकांनाही हीच परीक्षा लागू आहे.

एक काम मात्र या रविवारच्या आत करा. मुलानं त्या पंचांची माफी मागायला हवी. शिट्टीबद्दल काय वाटलं त्याची नाही, “किती घेतले” या शब्दांची. त्याआधी तुम्ही त्याला एकट्याला घेऊन बसा आणि सांगा की हे शब्द त्यानं तुमच्याच घरात, तुमच्या तोंडून ऐकले. हे तुम्ही बोललात तरच त्याला पुढचं जमेल. पंचांचा पत्ता शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे मिळेल; शाळेचे सामने घेणारी ही माणसं बहुधा दिवसभर दुसरी नोकरी करून संध्याकाळी मैदानावर येतात, तेव्हा आधी फोन करून वेळ विचारा. बरोबर जा, पण बोलू त्याला द्या, तुम्ही मोटारसायकलजवळ थांबा. आणि त्याचं बोलून झालं की त्याला म्हणावं, रिंगवरच्या बॉलचा नियम मला एकदा समजावून सांगा म्हणून त्यांनाच विचार.